ऑक्सिजनच्या तीन खोल्या

शनिवार, १२ ऑक्टोबर
मुक्काम लिहायला बंदी आहे.

चि. यूजंग,

आशीर्वाद. नको असला तरी घे, आईचा आशीर्वाद परत पाठवायची सोय नसते.

मी खुशाल आहे. तूही खुशाल असशील असं धरून चालते. विचारलं तरी तुझं उत्तर येणार नाही, आणि या खेपेला त्यात तुझा काही दोष नाही, कारण हे पत्र इथून बाहेरच पडणार नाही. दारावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलंय, "बाई, लिहायचं तेवढं लिहा, पण लिहिलेला प्रत्येक कागद माझ्याकडे जमा. शेवटच्या दिवशी तपासून परत मिळेल." शेवटचा दिवस म्हणजे चौदा नोव्हेंबरची संध्याकाळ.

मी कुठं आहे ते तुला ठाऊक नसेल, तुझ्या बाबांनाही नसेल. शाळेत सांगितलंय की कांग बाई प्रशिक्षणाला गेल्यात. ऑक्टोबरात महिनाभर प्रशिक्षणाला गेलेली बाई कुठं असते ते अख्ख्या स्टाफरूमला ठाऊक असतं, पण कुणी तोंडानं म्हणत नाही. मी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचे प्रश्न काढायला आत आलेय, परीक्षा संपेपर्यंत बाहेर पडायचं नाही. रसायनशास्त्र.

डोंगरातलं एक हॉटेल आहे. भोवती पत्रे ठोकलेत आणि खिडक्यांच्या खालच्या अर्ध्या काचांवर कागद चिकटवलाय, त्यामुळे झाडांचे शेंडे तेवढे दिसतात. फोन घेतला, घड्याळसुद्धा उलटंपालटं करून पाहिलं. कचरा महिनाभर बाहेर जायचा नाही. जेवणानंतर उरलेल्या आमटीत एक पोलीस काठी फिरवून बघतो, कुणी चिठ्ठी तर टाकली नाही ना. काल मी त्याला म्हटलं, "दादा, मीठ कमी आहे का तेही बघून घ्या." तो हसला नाही.

खोल्या कमी पडल्या म्हणून दोघी-दोघींना एक दिलीय. माझ्याबरोबर प्यो गुम-ओक म्हणून इतिहासाच्या बाई आहेत. घोरतात. पण सकाळी उठल्या उठल्या स्वतःच विचारतात, "घोरले का हो फार?" आणि मी "छे छे" म्हणते. एकमेकींशी असं खोटं बोलत आमचं छान चाललंय.

मला का बोलावलं असेल, असं तुला वाटेल. चोवीस वर्षं शिकवतेय, दोन सराव पुस्तकं आहेत नावावर. मान मोठा आहे. नाही म्हणणारी बाई वेडीच म्हणायची.

येताना एका कागदावर सही करावी लागते: माझा नवरा, मुलं, भावंडं यांपैकी कुणीही या वर्षी परीक्षेला बसलेलं नाही. केली सही. तू बसलीस का हे मी तुला विचारलं नव्हतं, आणि दोन वर्षं आपण बोलत नाही, तर कुठून विचारणार? तू ब्रेडच्या दुकानात आहेस एवढंच मला ठाऊक. तिथं पहाटे चारला उठावं लागतं म्हणे. स्वेटर घालतेस ना? तो करडा, जाड विणीचा?

प्यो बाईंनी दिवा मालवायचा तगादा लावलाय. थांबते.

आई


रविवार, २० ऑक्टोबर

चि. यूजंग,

आज रविवार म्हणून अर्धा दिवस सुट्टी. सुट्टीत करायचं काय, तर पत्र्याच्या आत गोल गोल फिरायचं. गणिताचे दोन प्राध्यापक एकाच दिशेनं फिरतात, उलट फिरलं की रागावतात.

रसायनाच्या गटात आम्ही मोजकी माणसं. प्रमुख आहेत माएंग सर. बासष्ट वर्षांचे, बारीक, बोलतात कमी आणि खोडरबर सतत खिशात. प्रत्येकानं आपले प्रश्न काढायचे आणि मग सगळ्यांनी मिळून ते फाडून खायचे. माझ्या वाट्याला तुला नकोसा तोच धडा आलाय. इलेक्ट्रॉन कुठल्या पातळीवर, कुठल्या ऑर्बिटलमध्ये बसतात तो.

पाट्यावर वाटणाऱ्याचा हात जसा आपोआप फिरतो, तसं माझं आहे. तो धडा म्हटला की मला तुझ्या आजीचं घर दिसतं. विद्यापीठाच्या मागच्या गल्लीतलं, बिऱ्हाडकरू मुलांचं. तू पाहिलं नाहीस, तुझ्या जन्माआधी विकलं. पण गोष्ट तुला पाठ आहे. आजीचे नियम तीन. पहिला, खालच्या खोल्या भरल्याशिवाय वरची उघडायची नाही, उगाच कोळसा कोण जाळणार. दुसरा, एका खोलीत दोघांच्या वर नाही, आणि दोघं असले तर एकाचं डोकं दाराकडे, दुसऱ्याचं भिंतीकडे. तिसरा, एकसारख्या खोल्या असतील तर आधी प्रत्येकाला वेगळी द्यायची. सगळ्या खोल्यांत एकेक झाला, की मगच दुसरा आत घालायचा. "दोन पोरं एका खोलीत घातली की भांडणार," आजी म्हणायची, "आणि भांडण निस्तरायला मीच. खोली असताना मी हे विकतचं दुखणं का घेऊ?"

अणूचंही तेच. सारख्या ऊर्जेच्या खोल्या मोकळ्या असताना दोन इलेक्ट्रॉन एकीत दाटी करत नाहीत, कारण एकमेकांना ढकलतात. मी हे हजार मुलींना शिकवलं असेल. हजारांत कुणी हट्टानं चुकत राहिलं असेल तर ती माझीच पोर!

आठवतं? तू तेरा-चौदाची. जेवणाचं टेबल, वर ताटं तशीच. ऑक्सिजनचे आठ इलेक्ट्रॉन. दोन तळमजल्याला, दोन वरच्या मजल्यावरच्या पहिल्या खोलीत, उरले चार, आणि त्यांना एकसारख्या तीन खोल्या. तू पहिलीत दोन घातलेस, दुसरीत दोन, आणि तिसरीला कुलूप. मी म्हटलं, "अगं, एकेक आधी! मग उरलेला चौथा पहिल्याच्या सोबतीला." तू म्हणालीस, "पण मग दोघं एकटे राहतात, आई."

"राहू देत."

"का राहू देत? एक खोली रिकामी ठेवली तर कुणालाच एकटं राहावं लागत नाही."

तुझ्या बाबांना घर सोडून तेव्हा चार महिने झाले होते. मला ते कळायला हवं होतं. मी वही बंद केली आणि म्हटलं, "भावना रसायनात चालत नाहीत." काय शहाणी बाई होते मी!

आणि पुढं तू चुकतच राहिलीस. नववीत चुकलीस, सराव परीक्षेत चुकलीस. प्रवेश परीक्षेच्या पहिल्या खेपेलाही तिथंच गेले दोन गुण, दुसऱ्या खेपेलाही. नियम तुला पाठ होता. घाई झाली की हात आपोआप जोड्या लावायचा.

असो. प्रश्न चांगला झालाय. तीन अणू: बोरॉन, फ्लोरिन आणि तिसऱ्या ओळीतला ॲल्युमिनियम. कुणाचे किती एकटे, कुणाच्या किती खोल्या भरलेल्या, त्यावर तीन विधानं. स्वच्छ आणि नेटका. उद्या गटापुढं ठेवायचाय.

इथं स्वयंपाकघरातल्या बोंग-सून मावशी पर्सिमनची फळं वाळत घालतायत. मी मागितलं तर म्हणाल्या, "अजून तुरट आहे, बाईंसारखं." बघ, आठ दिवसांत ओळखलं मला.

आई


मंगळवार, २२ ऑक्टोबर

यूजंग,

आज नमस्कार-चमत्कार राहू दे.

काल प्रश्न ठेवला. सगळ्यांनी सोडवला, कुणाला चूक सापडली नाही. मी मनात म्हटलं, सुटले. माएंग सर मात्र कागद हातात घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, "कांग बाई, या धड्यात मुलं कुठं पडतात?"

"जोड्या आधी लावतात, सर."

"आणि ते कुठल्या अणूंत पकडता येतं?"

मी पेन्सिलीचं टोक तपासत बसले. काय सांगणार? उत्तर सातवीतल्या पोराला येईल. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन. त्या तिघांत, नाहीतर त्यांच्या खालच्या ओळीतल्या तिघांतच, चुकीच्या भरण्यानं एकट्यांचा आकडा बदलतो. बोरॉनमध्ये त्या तीन खोल्यांना एकच भाडेकरू, त्याला कुठंही ठेव. ॲल्युमिनियमचं तेच, फक्त एक मजला वर. फ्लोरिनमध्ये पाच, कसेही भर, शेवटी एकटा एकच उरतो. माझ्या प्रश्नात नियम न पाळणाऱ्या मुलीलाही बरोबर उत्तर येतं.

"मुलं पडतात तो खड्डा तुम्ही शोधून शोधून टाळलाय," सर म्हणाले. रागानं नव्हे, नवल वाटल्यासारखं. "इतक्या वर्षांची बाई हे चुकून करत नाही. का केलंत?"

मी म्हटलं, "ऑक्सिजन फार वेळा येऊन गेलाय सर, म्हटलं जरा वेगळं."

"हं," म्हणाले, आणि खोडरबर खिशात ठेवलं. "दोन दिवस विचार करा."

विचार कसला करायचा? खरं तर मी तो आधीच केला होता, फक्त स्वतःला सांगितला नव्हता. तुला सांगते.

सप्टेंबरात आजीच्या श्राद्धाच्या पूजेला तू आलीस. पानावर बसलीस, जेवलीस, माझ्याशी बोलली नाहीस. भांडी आवरताना तुझी पिशवी बाजूला सरकवली आणि त्यातून फोटोवाल्याचं पाकीट पडलं. आत चार फोटो. सहा काढतात, दोन लागलेले. केस मागे, कपाळ आणि दोन्ही कान उघडे, मागं पांढरं. नोकरीच्या अर्जाला कोट घालून काढतात, तू साध्या टी-शर्टात होतीस. चोवीस वर्षं मुलींच्या परीक्षेच्या अर्जांवर मी ते फोटो चिकटवलेत, यूजंग. मला पाकीट बघताक्षणी कळलं. मी ते होतं तसं आत ठेवलं आणि चेन लावली.

पाच दिवसांनी मला बोलावणं आलं. "घरातलं कुणी बसलंय का?" विचारलं. मी म्हटलं, "नाही." तुला फोन करून विचारलं असतं, तर तू "हो" म्हणाली असतीस आणि मला हे बोलावणं नाकारावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही. दोन वर्षांचा अबोला मला अगदी सोयीचा पडला. आपलं ते बाब्या म्हणतात ना, तशी गत. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी तिला स्टाफरूममध्ये उभी सोलली असती.

आणि मान बिन सगळं खोटं. मला इथं यायचं होतं कारण तू तिसऱ्यांदा बसतेयस आणि मला सांगितलं नाहीस. त्या दिवशी मी तुझ्या जवळ कुठंतरी असावं असं वाटलं. शाळेच्या फाटकाशी उभं राहायची माझी लायकी मी घालवली होती. म्हटलं, कागदातून तरी जवळ जाऊ.

हे बाहेर कळलं तर माझं काय होईल ते होवो. पण माझ्या सहीपायी तुझा निकाल रद्द होऊ शकतो. तू केलंयस काय, तर पहाटे ब्रेड भाजून दुपारी अभ्यास. आणि मी एका नेटक्या प्रश्नानं त्यावर पाणी फिरवायला निघालेय.

प्यो बाई विचारतायत, "बरं नाही का?" मी म्हटलं, "छे छे."


बुधवार, २३ ऑक्टोबर

चि. यूजंग,

सांगितलं.

सकाळी नाश्त्याआधीच माएंग सरांचं दार वाजवलं. ते दात घासत होते. तोंडात फेस, हातात ब्रश, आणि मी दारातच बोलायला सुरुवात केली. फोटो, सही, बोरॉन, फ्लोरिन, सगळं. त्यांना थुंकायलाही जाता येईना. शेवटी हात वर करून आत गेले, चूळ भरली, बाहेर आले आणि म्हणाले, "बसा."

मग विचारलं, "मुलीला ठाऊक आहे? तुम्ही इथं आहात, तुम्ही काय काढताय?"

"काहीच नाही. आम्ही बोलतच नाही."

"पहिल्यांदाच ऐकतोय, कुणाच्या न बोलण्याचा कुणाला फायदा झालेला," म्हणाले. त्यांनी वरच्यांना बोलावलं. दुपारपर्यंत चार माणसांनी मला तेच तेच विचारलं. मी काढलेले सगळे प्रश्न बाद झाले. जे मी नुसते पाहिले होते तेही बदलणार आहेत. माझ्याकडून लिहून घेतलं, आणि मी हट्टानं त्यांच्याकडूनही घेतलं, की बाईंनी वेळेत सांगितलं, मुलीला काही कळण्याची सोयच नव्हती, तिच्या निकालाला धक्का लागणार नाही. त्यावर तिघांच्या सह्या आहेत. तो कागद या पत्रांबरोबर जोडते. जपून ठेव. बाहेर आल्यावर माझी चौकशी व्हायचीय. नोकरीचं काय ते तेव्हा बघू.

आता गंमत बघ. मी बाद झाले, पण त्यांना मला सोडता येत नाही. जे पाहिलंय ते डोक्यात आहे ना. कामाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही आणि फाटकाबाहेरही नाही. माएंग सर म्हणाले, "बाई, तुम्हाला ठेवायचं कुठं हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सोडवता येत नाहीये."

बोंग-सून मावशींनी सोडवला. म्हणाल्या, "लसूण सोलता येतो का?"

म्हणून मी आता स्वयंपाकघरात आहे. हेच बरं आहे. मावशींना कुणीतरी कारण सांगितलंच असणार, कारण उद्यापरवा बोलतील असं वाटलं होतं, त्या तासाभरातच बोलल्या. "पंगतीत आपल्या लेकीच्या पानात तूप जास्त वाढलंत तर वाढपी म्हणून कोण उभं करेल तुम्हाला?" मी मान खाली घालून लसूण सोलत होते. मग म्हणाल्या, "मीही वाढलं असतं. पण पोरीनं मागितलं होतं का तूप?"

नव्हतं मागितलं, यूजंग. म्हणूनच तर मला रडू आलं, आणि लसणाचं निमित्त करता येईना, लसणानं डोळ्यांत पाणी येत नाही.

तू दुसऱ्यांदा राहिलीस तेव्हा मी जे बोलले ते तुला अक्षरन् अक्षर आठवत असेल. मलाही आठवतं. "आता पुरे. हे तुझ्या डोक्यातलं काम नाही." तू कपडे भरलेस आणि बाबांकडे गेलीस. मी दोन वर्षं स्वतःला सांगत होते की मी खरं तेच बोलले, कुणीतरी बोलायला हवं होतं.

आणि आता, दोन वर्षांनी, मी काय केलं? तू पडतेस तो खड्डा कुणाला न कळता बुजवला. म्हणजे तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या खेपेला हळू आवाजात, मायेनं, पण तेच. हिला हे जमायचं नाही, हिच्यासाठी जमीन सपाट करून ठेवू. तू तिसऱ्यांदा बसलीस म्हणजे तुला ते वाक्य खोटं पाडायचंय. आणि मी ते आतून खरं करायला बसले होते. माफ कर. फार उशिरा सुचलं, पण माफ कर.


शनिवार, ९ नोव्हेंबर

चि. यूजंग,

हाताला लसणाचा वास लागलाय तो जात नाही. दोन आठवड्यांत मी मुळ्याच्या फोडी करायला शिकले, म्हणजे मावशींच्या मते शिकायला लागले. "शिकलेल्या बाया चिरायला बसल्या की भाजीलाच दया येते," म्हणतात.

प्यो बाईंना खोली बदलून हवी का विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलतात. काल सकाळी विचारलं, "घोरले का?" मी म्हटलं, "हो. फार." हसून हसून त्यांचा चष्मा पडला. म्हणाल्या, "वीस वर्षं नवरा घोरत नाहीस म्हणतोय हो!"

मावशींनी परवापासून समुद्री शेवाळाचं सूप बंद केलंय. इथं परीक्षेला बसणारं कुणी नाही, तरी बंद. बुळबुळीत खाल्लं की पोर घसरतं. मी म्हटलं, "मावशी, आपण खाल्लं तर कुणाचं काय घसरणार?" तर म्हणाल्या, "तुमची आहे ना एक बाहेर." मग मीही भाताबरोबर नुसतं किमचीचं लोणचं खाल्लं. रसायनाची बाई आणि हे! कुणाला सांगू नकोस.

एक गोष्ट मात्र मला पोखरते. माझा प्रश्न गेला, त्या जागी दुसरा आला असणार. कुणी काढला, कसा, मला ठाऊक नाही आणि कळणारही नाही. पण माएंग सरांनी तो खड्डा परत खणला असणार हे मला स्वच्छ दिसतंय. त्यांनी खणायलाच हवा. म्हणजे मी दार वाजवलं नसतं तर तुझ्या वाटेत तो नसता. माझ्याच तोंडानं मी तो परत तिथं आणला. दिवसातून दहा वेळा वाटतं की बरोबर केलं. अकराव्यांदा तू टेबलाशी बसलेली दिसतेस, पेन्सिल चावत, पहिल्या खोलीत दोन, दुसरीत दोन, आणि माझ्या हातातली सुरी थांबते.

निरोप पोचवता येत नाही. आला असता तरी पोचवला नसता. पण रोज भांडी घासताना मी मनात म्हणतेच, एकेक आधी गं, एकेक आधी.

आई


गुरुवार, १४ नोव्हेंबर

चि. यूजंग,

आज सकाळी सहाला उठून भात लावला. तुझ्या डब्यात कुणी काय दिलं असेल याचा विचार करत होते. बाबांना अंड्याची गुंडाळी जमते, तीच दिली असेल, थोडी करपवून.

आठ-चाळीसला पहिला पेपर सुरू झाला तेव्हा सगळं हॉटेल गप्प झालं. महिनाभर भांडणारी माणसं जेवणघरात येऊन नुसती बसली. दुपारी एकच्या सुमाराला इंग्रजी ऐकायचा भाग असतो, तेव्हा विमानं थांबवतात. आमच्या डोंगरावरून रोज त्या वेळी एक जायचं. आज नाही गेलं. मावशींनी वर बघितलं आणि कढईसुद्धा आवाज न करता खाली ठेवली.

तीन-पस्तीस. विज्ञानाचा पेपर. मला काही सुचेना, तेव्हा मावशींनी दहा किलो मुळे पुढ्यात ओतले. "चिरा." आजच्या रात्री इथं जेवायला कुणी राहणार नव्हतं. मी तरी चिरले. मुळे संपले तेव्हा पाच वाजून गेले होते.

पावणेसहाला दार उघडलं. फोन परत दिला, ही पत्रं परत दिली, प्रत्येकावर पहारेकऱ्याचा शिक्का आहे. रागावू नकोस, त्यानं वाचलीयत. देताना म्हणाला, "बाई, माझीही एक आहे, पुढच्या वर्षी." नियमांच्या पलीकडे तो महिन्याभरात माझ्याशी बोलला नव्हता.

माएंग सर पायऱ्यांवर उभे होते. आता परीक्षा झाली होती, म्हणून त्यांनी रसायनाचा पेपर माझ्या हातात दिला आणि बाजूला जाऊन उभे राहिले. मी तिथंच पायरीवर बसून उघडला. आठवा प्रश्न. पहिल्या अठरा मूलद्रव्यांपैकी दोन अणू असे, की ज्यांच्या एस, म्हणजे प्रत्येक मजल्यावरच्या पहिल्या खोलीतले, आणि पी, म्हणजे एकसारख्या तीन खोल्यांतले, इलेक्ट्रॉन सारखेच. एकात चार आणि चार, दुसऱ्यात सहा आणि सहा. म्हणजे ऑक्सिजन आणि मॅग्नेशियम. दुसरं विधान: दोन्हींत एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या सारखीच.

जोड्या आधी लावल्या तर ते खरं दिसतं. दोन्हीकडे शून्य. नियमानं भरलं तर ऑक्सिजनमध्ये दोघं एकटे राहतात आणि ते खोटं ठरतं. तुझ्यासाठी मोजूनमापून खणल्यासारखा खड्डा. इतका चांगला प्रश्न मला कधी काढता आला नसता.

फोन हातात आहे. तुझा नंबर दोनदा काढला. मग ठेवला, कारण मी फोन केला तर तोंडातून पहिला शब्द "आठवा" असाच येईल, माझा भरवसा नाही मला. म्हणून हे बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय, सांभाळून घे. उद्या सकाळी सगळी पत्रं आणि तो सह्यांचा कागद पोस्टानं पाठवते.

आठव्याला तू काय लिहिलंस ते मला सांगू नकोस. बरोबर आलं असेल तर ते सगळं तुझं, माझा त्यात एक ठिपकाही नाही, आणि हे मी तीन सह्यांनिशी सिद्ध करू शकते. पुन्हा चुकलं असेल तर चुकलं. चौथ्यांदा बसायचं असेल तर बस. नसेल बसायचं तर ब्रेड भाज. "पुरे" हा शब्द तुझ्याबाबतीत तुझा आहे, तो मी उचलायला नको होता.

आणि टेबलाशी तू म्हणाली होतीस ना, त्यांना एकटं का राहू द्यायचं? त्याचं उत्तर मी नीट दिलंच नव्हतं. एकमेकांना ढकलू नये म्हणून ते लांब राहतात, एवढंच आहे ते. पण भिंत एकच असते, आणि ऊर्जाही सारखीच. त्यांना कुणी टाकलेलं नसतं.

बस आता शहरात शिरतेय. रस्त्यावर परीक्षा देऊन आलेल्या पोरांचे घोळके आहेत, हसतायत, रडतायत, काहीतरी तळलेलं खातायत. प्रत्येक पाठमोरी मुलगी तूच वाटते.

निकाल लागला की फोन करू नकोस. भूक लागली तर कर.

तुझ्या वाटेतून बाजूला झालेली,
तुझी आई

कांग यंग-रान